कोपऱ्यावरची चिपी: 'उसन्या आठवणी' म्हणणाऱ्यांना उत्तर

हडर्सफील्डकर (धागाकर्ता)
परदेशातल्या खाण्याच्या धाग्यावर स्लाऊकर यांनी परवा लिहिलं ते जसंच्या तसं देतो: "इंग्लंडातली फिश अँड चिप्सची दुकानं बंद पडतायत म्हणून गळे काढू नका. तेलकट पुठ्ठा, वर मीठ आणि व्हिनेगर. मराठी माणसाने त्याच्या आठवणी काढणं म्हणजे गोऱ्यांच्या आठवणी उसन्या घेणं." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण दोन ओळींत भागेना.

माझे वडील मिरजेहून डॉक्टर होऊन 1970च्या दशकात वेस्ट यॉर्कशायरच्या एका हॉस्पिटलात लागले. एक आड एक रात्र ड्यूटी. आईला इंग्रजी वाचता यायचं, पण चारचौघांत तोंड उघडायचं नाही. हळद-जिऱ्यासाठी ब्रॅडफर्ड गाठावं लागे. हॉटेलात जाऊन बसायची ना ऐपत होती ना हिंमत. शुक्रवारी संध्याकाळी मात्र आम्ही चिपीच्या रांगेत असायचोच. चिपी म्हणजे फिश अँड चिप्सचं दुकान: पिठात तळलेला मासा आणि बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी. तिथे वेटर नाही, कुठल्या हातात काटा धरायचा याची धास्ती नाही. पुढे गिरणीतला कामगार, मागे वॉर्डातली नर्स, मध्ये आम्ही. काउंटरपलीकडची बाई सगळ्यांना विचारायची तेच आईला विचारायची, मीठ-व्हिनेगर घालू का? आई या देशात अनोळखी माणसाशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलली ती त्या काउंटरवर.

काचा आतून वाफेने पांढऱ्या झालेल्या असायच्या. मालक हॅडॉक माशाचा तुकडा शेपटीकडून धरून पिठात घोळवायचा, पातेल्याच्या काठावर निथळून घ्यायचा, आणि तेलात एकदम सोडून न देता आधी अर्धा तुकडा वरच्यावर मागेपुढे हलवायचा. पीठ फुलून तुकडा तरंगणार अशी खात्री झाली की मगच बोटं सोडायची. तेवढं बघायला मी चवड्यांवर उभा राहायचो. आम्हा पोरांना मूठभर स्क्रॅप्स, म्हणजे तेलात सुटलेले पिठाचे कुरकुरीत कण, फुकट मिळायचे. यातलं काय कोणाकडून उसनं घेतलं, ते सांगा.

आणि 'गोऱ्यांचं' कशाला म्हणता? तळलेला मासा इंग्लंडात आणला तो स्पेन-पोर्तुगालातून छळ चुकवून आलेल्या ज्यूंनी. सर्वांत जुनं दुकान कोणाचं, यावर भांडण आहे. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या जोसेफ मालिन या ज्यू माणसाचं नाव घेतात (1860च्या आसपास), लँकेशायरवाले मॉसलीच्या जॉन लीसचं (1863च्या सुमारास). पुढे स्कॉटलंडात इटालियनांनी, लंडनमध्ये सायप्रसवाल्यांनी, मग चिनी आणि पंजाबी कुटुंबांनी ही दुकानं चालवली. बाहेरून आलेल्या माणसाला या देशात पाय रोवायला मिळालेलं हे दुकान आहे. दुसऱ्या महायुद्धात मटण, लोणी, साखर सगळ्याला रेशन होतं. मासा आणि बटाट्याला नव्हतं. 1930च्या आसपास 35 हजार दुकानं होती, आज साडेदहा हजारांच्या घरात आहेत. ती चव वाईट म्हणून मिटत नाहीत. गणित बसत नाही म्हणून मिटतायत.

स्लाऊकर
माझं नाव घेऊन धागा काढलात, तेव्हा उत्तर देणं आलं.

तुमच्या आईंची आठवण खरी आहे, तिला मी उसनी म्हणत नाही. पण ती आठवण माणसांची आहे, खाण्याची नाही. त्या काउंटरवर बाईने उकडलेले रताळे विकले असते तरी तुम्ही आज इतक्याच प्रेमाने लिहिलं असतं. मी ऑफिसच्या कामासाठी इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या दुकानातून हे पार्सल घेतलं. खोलीवर पोचेपर्यंत पीठ ओलं, चिप्स एकमेकांना चिकटलेल्या, आत चव नसलेला पांढरा मासा. ना मसाला, ना आंबट, ना तिखट. त्या रात्री मी घरून आणलेल्या लसणाच्या चटणीबरोबर नुसता ब्रेड खाल्ला.

35 हजारांचं म्हणाल, तर तेव्हा कामगाराला गरम आणि स्वस्त दुसरं काही मिळतच नव्हतं. मग पिझ्झा आला, कबाब आला, तळलेलं चिकन आलं आणि लोक आपणहून तिकडे वळले.

मालवणी_खवय्या
चवीबाबत स्लाऊकरांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे सुरमईला हळद, तिखट, आगळ चोळून रव्यात घोळवतात तेव्हा मासा मासाच राहतो. इथे काटा काढला, कातडी काढली, डोकं तर दुकानात येतच नाही. मग मासा ओळखायचा कशावरून?

एकच गोष्ट या दुकानांच्या बाजूने सांगतो. लंडनकडे फळ्यावर 'रॉक सामन' लिहिलेलं असायचं. तो सामन नाही, छोटा शार्क आहे, आपल्या मोरीचा भाऊबंद. घट्ट मांस, मधे एकच मऊ हाड, आणि त्याला खरी चव. गरिबांचा मासा म्हणून कॉड मासा खाणारे त्याला नाक मुरडायचे. मी ईस्ट हॅममध्ये राहत असताना तोच घ्यायचो आणि घरी त्यावर तिरफळ घातलेलं सुकं वाटप पसरून खायचो. पुढे त्या माशाचा इतका उपसा झाला की काही वर्षं पकडच बंद ठेवावी लागली. तेव्हापासून माझं चिपीत जाणं सुटलं.

तेलातला_माणूस
मी काउंटरच्या आतल्या बाजूने बोलतो. माझी बायको सायप्रसची, सासऱ्यांची मिडलंड्समध्ये चिपी होती आणि शनिवार-रविवार मी तिथे उभा राहायचो.

स्लाऊकर, पार्सल डबा घट्ट बंद करून खोलीपर्यंत नेलंत ना? मग पीठ ओलं होणारच. ते दुकानाबाहेर उभं राहून, कागद उघडा ठेवून खायचं असतं. बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत, तळलेलं तर गार झालं की टाळूला मेणासारखं चिकटतं. बटाट्याचंही शास्त्र आहे. थंडीत साठवला की त्यातली साखर वाढते आणि चिप्स आतून शिजायच्या आधी बाहेरून काळपटतात. म्हणून सासरे नव्या पोत्यातल्या दोन चिप्स आधी तळून बघायचे. रंग बिघडला तर ते पोतं बाजूला ठेवायचं, उबेत काही दिवस पडलं की पुन्हा बघायचं.

दुकानं का मिटतात ते सांगतो. 1984 साली सरकारने गरम पार्सलवर व्हॅट लावला. आज तो 20 टक्के आहे. सुपरमार्केटातून गोठवलेला पीठ लावलेला मासा घ्या, व्हॅट शून्य. तोच मासा आम्ही तळून गरम दिला की पाचवा हिस्सा वर चढतो. कोविडमध्ये तो 5 टक्क्यांवर आणला होता, एप्रिल 2022मध्ये पुन्हा 20 केला, आणि नेमकं त्याच वर्षी युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचं तेल, गॅस, वीज सगळ्यांचे भाव पेटले. जुलैत रशियन पांढऱ्या माशावर 35 टक्के जादा जकात लागली. 2025साठी नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडचा कोटा 3 लाख 40 हजार टनांवर आणला, तोवरचा 1991नंतरचा सर्वांत कमी. गिऱ्हाईक फळा बघून म्हणतं, लुटताय. त्या किमतीतून दुकानदाराच्या हाती काय उरतं ते मी गल्ल्यावर बसून बघितलंय. सासऱ्यांनी दुकान विकलं तेव्हा घ्यायला स्वतःचा मुलगा तयार नव्हता.

वूल्व्हरहॅम्प्टन_79
धागाकर्त्यांनी रांगेचं चित्र फार गोड काढलंय. आमच्याकडची रांग वेगळी होती.

रात्री पब सुटले की तीच रांग बदलायची. नॅशनल फ्रंट या स्थलांतरितांविरुद्धच्या कडव्या पक्षाच्या पोरांचे दिवस ते. माझा मोठा भाऊ चिप्स आणायला गेला होता. मागून 'पाकी' अशी शिवी आली, मग कोणीतरी हातातलं गरम पुडकं खाली पाडलं, आणि वाकला तेव्हा लाथ बसली. मालक बघत होता. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, मीठ-व्हिनेगर? भाऊ घरी आला तेव्हा गुडघ्याला व्हिनेगर लागलेलं होतं आणि जखम झोंबत होती. आईने त्यानंतर आम्हाला अंधार पडल्यावर चिपीत पाठवलं नाही. आमच्या ब्लॅक कंट्रीतल्या, म्हणजे वूल्व्हरहॅम्प्टनच्या आसपासच्या भागातल्या, पीठ लावलेल्या नारिंगी चिप्स नावाजलेल्या आहेत, मलाही आवडायच्या. पण त्या वासाने मला आधी तो गुडघा आठवतो.

हडर्सफील्डकर
वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही शिव्या होत्या, शाळेत तर रोजच्या. पण आमच्या चिपीच्या मालकाने एकदा असल्याच दोघांना चिमटा उगारून बाहेर काढलेलं मी बघितलंय. दुकान म्हणजे शेवटी मालक. तुमच्या मालकाचं खापर सगळ्यांवर फोडू नका.

वूल्व्हरहॅम्प्टन_79
मग तुमच्या मालकाचं श्रेय तरी सगळ्यांना का वाटताय?

लेस्टरची_मावशी
इतके प्रतिसाद झाले, बीफ ड्रिपिंगचं नाव सहज येऊन गेलं आणि कोणी थांबलं नाही.

लेस्टरला येण्याआधी आम्ही डॉनकॅस्टरला होतो. सासूबाई वाईहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. कडक शाकाहारी, एकादशी, चतुर्थी, सोमवार सगळं पाळणाऱ्या. त्या गावात तेव्हा साबुदाणा मिळत नव्हता, वरी मिळत नव्हती. मी दिवसभर नोकरीवर, संध्याकाळी चार वाजता अंधार. बटाटा उपासाला चालतो, म्हणून मी येताना त्यांच्यासाठी चिप्स आणायची. नुसतं मीठ, व्हिनेगर नको. त्यांना आवडायच्या. म्हणायच्या, या देशात एवढी एक गोष्ट बरी आहे. त्या परत गेल्यावर शेजारणीने सहज सांगितलं, आपल्या यॉर्कशायरची चव वेगळी लागते कारण आपण गाईच्या चरबीत तळतो.

मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्या गेल्या तेव्हाही त्यांना माहीत नव्हतं. धागाकर्त्यांनी आईंच्या आठवणीने धागा काढला, मला सासूबाईंची आठवण येते. दोन्ही याच दुकानातल्या.

तेलातला_माणूस
मावशी, तुमचं दुःख कळतं. पण यात लपवाछपवी नव्हती हो. ड्रिपिंगच्या पांढऱ्या लाद्या काउंटरमागे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रचलेल्या असायच्या. उत्तरेत पिढ्यान् पिढ्या त्यातच तळतात. तापमान नीट धरतं, पीठ कुरकुरीत होतं, बटाट्याला चव येते. कित्येक दुकानं तर 'बीफ ड्रिपिंगमध्ये तळलेलं' अशी पाटी अभिमानाने लावतात. एक शब्द विचारला असता तर सांगितलं असतं.

लेस्टरची_मावशी
विचारलं होतं! पहिल्याच दिवशी विचारलं होतं, यात मांस आहे का? तो म्हणाला, नाही, नुसते बटाटे. आमच्या दुकानात पाटी नव्हती. लाद्या दिसल्या असतील, पण पांढरी लादी बघून मी डालडा समजायचं की चरबी?

स्लाऊकर
मी हेच म्हणत होतो. ज्या दुकानाने आपल्या बायकांना फसवून गाईची चरबी खाऊ घातली, त्याचं कौतुक कसलं? बंद होऊ देत.

लेस्टरची_मावशी
स्लाऊकर, माझ्या दुःखावर तुमचा मुद्दा टेकवू नका. फसवलं असं मी म्हटलेलं नाही. तो माणूस चांगला होता. बर्फ पडला की सासूबाईंचं पुडकं पोराकरवी घरी पाठवायचा. त्याच्या लेखी चरबी म्हणजे मांस नव्हतं, बस. मला राग याचा आहे की माझ्या प्रश्नाचा अर्थ काय हे समजून घ्यायची गरज त्याला वाटली नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही इथे लोक मलाच सांगतायत की नीट विचारायला हवं होतं.

नारायणपेठी
मुळात उपासाला बाहेरचं कशाला खायचं? बाहेरच्या तेलाचा भरवसा पुण्यातसुद्धा नाही. घरी बटाटे उकडायला कितीसा वेळ लागतो?

लेस्टरची_मावशी
तुम्ही कधी दोन बस बदलून, बर्फातून, आठ तास उभं राहून घरी आला आहात का? नसाल तर माझ्या स्वयंपाकघरात डोकावू नका.

वूल्व्हरहॅम्प्टन_79
मावशींना पूर्ण अनुमोदन. नारायणपेठींनी हा प्रतिसाद काढून टाकावा, अशी विनंती नाही, मागणी आहे.

हडर्सफील्डकर
धागा चिपीच्या आठवणींचा होता, पण हे महत्त्वाचं निघालं, म्हणून लिहितो.

आमच्याकडे आई मासे खायची, बीफ नाही. वडिलांना ड्रिपिंगचं माहीत होतं. त्यांनी आईला पहिल्या महिन्यातच सांगितलं, आणि आईने बराच विचार करून ठरवलं की ती मासा खाईल. का, ते तिने कधी सांगितलं नाही. आम्ही बाकी कुठल्याही रूपात गाय खाल्ली नाही. तेव्हा ठरवायची संधी तिला मिळाली आणि मावशींच्या सासूबाईंना मिळाली नाही, एवढा फरक मला मान्य आहे. हा फरक लहान नाही.

पण पुढे काय झालं तेही बघा. ब्रॅडफर्डमध्ये आपल्या उपखंडातले लोक वाढले तशी कित्येक दुकानं वनस्पती तेलावर गेली आणि तशी पाटी लावली. गिऱ्हाइकाने दुकान बदललं. पिझ्झाच्या दुकानांच्या साखळ्या आपल्या एका गल्लीसाठी तेल बदलतील का?

एडिनबराची_लेक
अवांतर: आमच्याकडे मीठ-व्हिनेगर नाही, सॉल्ट अँड सॉस. पातळ तपकिरी, आंबटगोड. मालवणी_खवय्या आणि स्लाऊकर, तो चाखल्याशिवाय 'आंबट नाही' म्हणू नका. आणि ड्रिपिंग इकडेही वापरतात, तेव्हा मावशींचा प्रश्न फक्त यॉर्कशायरचा नाही.

तेलातला_माणूस
मावशी, रात्रभर विचार केला. विचारल्यावर 'नुसते बटाटे' म्हणणं चूक होतं. सासरे असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं, कारण ते स्वतः लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती, उपासात मांस, दूध, अंडं काही खायचे नाहीत, आणि त्या दिवसांत आमच्या दुकानातलं काहीही तोंडात घालायचे नाहीत. तेव्हा उपास म्हणजे काय हे त्यांना कळत होतं.

पण आजची अडचण सांगतो. 2014च्या डिसेंबरपासून 14 ॲलर्जींची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. ग्लूटेन, मासा, मोहरी, तीळ सगळं त्यात आहे. गाईची चरबी नाही, कारण ती ॲलर्जी नाही. म्हणजे पाटी लावायची की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर. आणि नुसतं 'वनस्पती तेल' वाचून समाधान मानू नका. मासा आणि चिप्स एकाच कढईत तळत असतील तर शाकाहारी माणसाला त्याचा उपयोग नाही. वेगळी कढई हवी. ती ठेवायची तर तळणीच्या शेगडीवरची एक जागा कायमची अडते, तेल दोन ठिकाणी गाळावं लागतं, गॅस जादा जळतो. छोट्या दुकानाला हे सोपं नाही.

स्लाऊकर
व्हॅटचं मला माहीत नव्हतं. गोठवलेल्यावर शून्य आणि तळलेल्यावर 20, हे अन्यायाचंच आहे, एवढं मान्य. चवीबद्दल मत तेच. तरी तेलातला_माणूस म्हणतात तसं दुकानाबाहेर उभं राहून, गरम, एकदा खाऊन बघेन. नाही आवडलं तर इथे येऊन स्पष्ट लिहीन.

मालवणी_खवय्या
स्लाऊकर, हॅडॉक घ्या, कॉड नको. आणि कातडीसकट मागा, देत असतील तर. यॉर्कशायरमध्ये बहुधा काढूनच देतात.

हडर्सफील्डकर
हॅडॉकची शिफारस तुमच्याकडून येईल असं वाटलं नव्हतं. मी आता राहतो तिथल्या चिपीचा मालक ओळखीचा आहे. शनिवारी जाऊन त्याला सांगतो की तेलाची पाटी लाव. ड्रिपिंग वापरत असशील तर तसं लिही, लपवण्यासारखं त्यात काही नाही. मावशी, तुम्ही इकडे आलात तर बरोबर जाऊ.

लेस्टरची_मावशी
पाटीवर दोन ओळी हव्यात. तेल कुठलं, आणि चिप्सची कढई माशापासून वेगळी आहे की नाही. मोठ्या अक्षरांत, काउंटरवर नाही, दारावर, म्हणजे रांगेत उभं राहायच्या आधी वाचता येईल. तेवढं झालं की कळवा, मी मुलीला घेऊन येईन. चिप्स घेईन, मशी पीज, म्हणजे शिजवून घोटलेले वाटाणे, तेही घेईन. पैसे मी देणार.